नाटकाची गादी

हॉटेल निवडताना लोक काय बघतात? खोली स्वच्छ आहे का, पाणी गरम येतं का, नाश्ता बरा असतो का. मीही तेच बघतोय असं दाखवत होतो. भोपाळच्या आमच्या घरात, संध्याकाळच्या चहाचा कप बाजूला सारून, मी फोनवर इंदूरचा नकाशा उघडला होता. ज्या नाट्यगृहात दोन दिवस संगीत नाटकं बघायला जायचं होतं, तिथे लाल खूण होती आणि भोवती हॉटेलांच्या निळ्या खुणा पसरल्या होत्या. एखादी निळी खूण पसंत पडली की माझं बोट आपसूक पश्चिमेकडे सरकायचं आणि तिथून बडा गणपती किती लांब पडतं ते बघायचं.

बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत माझी आत्या राहते. बाबांची धाकटी बहीण. आता एकटीच असते.

"स्टेशनजवळचं ते चांगलं दिसतंय की," नीलिमा, माझी बायको, खांद्यावरून वाकून म्हणाली. "नाट्यगृहही जवळ."

"तिथून बडा गणपती फार जवळ पडतं."

ती सरळ झाली आणि म्हणाली, "म्हणजे आत्याबाईंना सांगायचं नाहीये."

"अगं, या वयात तिला त्रास नको. आपण गेलो की ती ऐकते थोडीच? धावपळ करणार, स्वयंपाक करणार. शिवाय ते जिने, ते संडास, तुझे गुडघे..."

"माझे गुडघे दुखतात हे खरं आहे," ती कप उचलता उचलता म्हणाली, "पण तुमच्या खोट्याला टेकू द्यायला नाही ठेवलेले मी ते."

मी नकाशा बोटानं ओढला. राजवाडा सरकला, जुनं शहर सरकलं, पडद्याच्या कडेवरून बडा गणपतीचं नावही गेलं. थेट बायपासच्या बाजूला, जिथे माझ्या लहानपणी नुसती गव्हाची शेतं होती, तिथलं एक काचेचं उंच हॉटेल मी निवडलं. तिथल्या नाश्त्याच्या फोटोत पांढऱ्या बशीत पोह्यांची मूद होती आणि वर कोथिंबिरीची एकच काडी उभी खोचलेली होती.

खोली ठरली. बरं वाटायला हवं होतं.

*

माझ्या लहानपणी आमचं घर इंदूरजवळ महूला होतं. बाबांची छावणीतल्या कचेरीत नोकरी, आणि छावणीत सगळं काही होतं: कवायत, बिगुल, चुन्यानं रंगवलेली झाडांची खोडं, फक्त नाटक नव्हतं. नाटक इंदूरला यायचं, थंडीत, दिवाळीचे कंदील उतरले की. ते संपेपर्यंत महूची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. म्हणून नाटक म्हणजे आत्याकडे मुक्काम, आणि आत्याकडे मुक्काम म्हणजे नाटक. माझ्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

छोट्या रुळांची ती गाडी राऊच्या चढणीवर धापा टाकायची. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आई पदराच्या टोकावर फुंकर मारून मारून तो काढायची. तिच्या पदराला त्या दिवशी वेगळाच वास असायचा. नाटकासाठी ट्रंकेतून काढलेली रेशमी साडी, तिच्यात डांबराच्या गोळ्या, खस अत्तर आणि वर्षभराचा अंधार. अजूनही कुणी जुनी ट्रंक उघडली की मला वाटतं, आता घंटा होणार.

बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत वळलं की आधी गादी दिसायची.

आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि रस्त्यावर आलेली एक लांब गॅलरी. त्या गॅलरीच्या कठड्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक जाड गादी उन्हात टाकलेली असायची. एरवी ती पलंगाखाली चादरीत बांधून ठेवलेली असे. नाटकाला येणाऱ्यांसाठीच निघायची. तिचं नावच "नाटकाची गादी". गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या भाभी वर मान करून विचारायच्या, "क्यों बहनजी, नाटक आया क्या? गादी निकली है!" आणि आत्या वरून ओरडायची, "हौ भाभी, महूवाले आ रहे हैं!" मग आम्ही गल्लीतून चालताना सगळ्या दारांतली माणसं आमच्याकडे बघून हसायची. नाटकात काम आम्हीच करणार असल्यासारखी माझी मान ताठ व्हायची.

आत्याच्या यजमानांना आम्ही इंदुरी पद्धतीनं फुफाजी म्हणायचो. ते दुपारीच गराडूचे कंद घेऊन यायचे. आत्या ते सोलून, चौकोनी तुकडे करून तळायची, वर झणझणीत मसाला आणि लिंबू. तळणाचा वास, आईच्या अत्तराचा वास, फुफाजींच्या इस्त्रीच्या कोटाचा कोमट वास. सगळे तयार होत असायचे. आरशासमोर आई गजरा माळत असायची, फुफाजी पंपशू पुसत असायचे. आणि आत्या रोजच्या सुती साडीत, हाताला लिंबाचा रस, आमच्या मागेपुढे करत असायची.

कारण आत्या नाटकाला यायची नाही.

तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, कुणीतरी घरी राहायला हवं होतं. पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतरही का कोण जाणे, तीच घरी राहिली. "मला नाही बाई तीन-तीन तास बसवत," ती म्हणायची, आणि आम्ही सगळ्यांनी ते इतक्या सहज खरं मानलं, की पुढे तिच्याबद्दल बोलताना आम्हीच लोकांना सांगायचो, तिला नाटकाची आवड नाही.

आम्ही निघालो की ती गॅलरीत यायची. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचा आवाज मागून येत राहायचा.

"नीट बघा रे! सकाळी सांगायचंय मला!"

*

सकाळी सांगायचं, ही त्या घराची रीत होती. रात्री परतल्यावर कुणी काही बोलायचं नाही. आत्याच तोंडावर बोट ठेवायची. पण सकाळी ती पोह्यांसाठी कांदा चिरायला बसली की समोर आम्ही सगळे. मी नाटकाच्या गादीवरच, रजईतून डोकं काढून, पहिल्या अंकापासून सुरुवात करायचो. पडदा वर जातो. धूप. नांदी. आई मधेच पद गुणगुणायची, फुफाजी स्टीलच्या डब्यावर ठेका धरायचे. कांद्यामुळे आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, आणि दुःखाच्या प्रवेशाला ते कांद्याचं आहे की कशाचं, ते मला समजायचं नाही.

तिचे प्रश्न मात्र असायचे! गोष्ट तिला पाठ असायची. तिला वेगळंच काही हवं असे. "हिरॉइननी साडी कोणती नेसली होती? काठ केवढे होते? ऑर्गनवर कोण होतं, तेच म्हातारे? वन्स मोर कितव्या पदाला? लोकं रडली का रे?" पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "साडी... चांगली होती." आत्या खळखळून हसली. "वा रे भिया! तीन तास बघून आला, नी सांगतो काय, चांगली होती!"

पुढच्या थंडीत मी सगळं बघून ठेवलं. काठ, दागिने, मागच्या पडद्यावर रंगवलेल्या नदीत किती कमळं, राजाच्या मिशीचं एक टोक सुटलं तेव्हा पंख्यानं हवा घेत त्यानं ते कसं दाबून ठेवलं. नाटक बघायला मी तसा शिकलो. कुणीतरी घरी थांबलंय आणि तिच्यासाठी बघायचंय, म्हणून. आजही मी रंगभूमीवर जे काही बघतो ते तिच्या डोळ्यांनी बघतो, आणि तिनं मात्र ते कधीच बघितलं नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये सुचावं, याची लाज वाटते.

*

हॉटेल मात्र छान होतं. तेही सांगून टाकतो.

"सर, हाई फ्लोर दे रहा हूँ, व्यू अच्छा मिलेगा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि त्यानं एक प्लॅस्टिकचं कार्ड माझ्या हातात दिलं. खोलीत कसलाच वास नव्हता. चादर इतकी ताणून बसवलेली की तिच्यावर आधी कुणी झोपलं असेल असं वाटू नये. नीलिमानं गरम पाण्याचा नळ सोडला आणि मी बूट काढून पसरलो. कुणी विचारलं नाही, चहात साखर किती, मुलगा काय म्हणतो, बाबांचं श्राद्ध कुठे केलंस. मला खूप बरं वाटलं. खिडकीतून सगळं इंदूर दिसत होतं, आणि जुनं शहर धुराच्या एका पट्ट्याखाली झाकलेलं होतं. मी पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी नाट्यगृहात पाऊल टाकलं आणि धुपाचा वास आला. ऑर्गनचा पहिला लांब सूर निघाला तसे माझ्या अंगावर शहारे आले. शेजारी नीलिमानं माझा हात धरला. पडदा गेला. देवळाच्या पायऱ्यांवर नायिका बसली होती, आणि माझ्या मनात आपसूक उमटलं: हिरवी. मोरपंखी हिरवी, जांभळे काठ. ऑर्गनवर एक तरुण मुलगी. पायऱ्या चार, तिसरीचा रंग उडालेला.

मी कुणासाठी लक्षात ठेवत होतो?

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी पाठीवर थाप पडली. मंदाकाकू. आत्याच्या भजनी मंडळातल्या, पांढरे केस, गळ्यात तोच मोठा चष्मा.

"अरे, तू बडा गणपतीवाल्यांचा भाचा ना? महूवाला! किती वर्षांनी रे! नी ही सूनबाई?" त्यांनी नीलिमाच्या गालावरून हात फिरवला. "आत्याकडेच उतरलास ना? परवा भजनात बोलली नाही काही. छुपी रुस्तम आहे ती."

इंदूरच्या मराठी माणसाला आपल्या गावात, आपलं माणूस असताना, हॉटेलात उतरलो असं सांगता येत नाही. तशी वाक्यरचनाच तोंडात बसत नाही. मी म्हणालो, "हो काकू, तिच्याकडेच."

"तर! दुसरीकडे कुठे उतरणार," मंदाकाकू म्हणाल्या. "गादी निघाली असेल मग."

नीलिमा चहाच्या कपात बघत राहिली. तिसरी घंटा झाली. पुढचा अंक मी बघितला नाही. नायिका कुठल्या रंगाची साडी बदलून आली तेही मला सांगता येणार नाही. मंदाकाकू समोरच्या रांगेत बसल्या होत्या, आणि पडदा वर जाईपर्यंत त्यांच्या कानाशी मोबाइलचा उजेड होता.

*

सकाळी हॉटेलचा नाश्ता न करताच आम्ही आत्याकडे निघालो. रिक्षात मी वाक्य जुळवत होतो. आत्ताच भोपाळहून आलो, पहाटे निघालो होतो. मग मंदाकाकूंचं काय? बरं, रात्री उशीर झाला म्हणून एका मित्राकडे. कुठला मित्र? नीलिमा बाहेर बघत होती. "खरं सांगून बघा," ती म्हणाली. "एखाद्या वेळेला."

गल्ली तीच होती, आता दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. मी वर बघितलं. गॅलरीच्या कठड्यावर काही नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी खालच्या भाभी भाजीवाल्याशी घासाघीस करत उभ्या होत्या. त्याही आता वाकल्यात. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि तोंड उघडणार, एवढ्यात वरून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आत्याचा आवाज आला.

"आ गए घूम के? राजवाड्यापर्यंत गेले होते की काय? भाभी, सवेरे-सवेरे निकल गए दोनों, चाय भी नहीं पी!"

भाभी हसल्या. "अच्छा! तभी तो मैंने कहा, रात को आए होंगे।"

"हाँ भाभी," मी म्हणालो. रिक्षात जुळवलेलं एकही वाक्य लागलं नाही. माझ्याऐवजी आत्याच बोलली होती.

जिना चढताना कठडा मलाच धरावा लागला; नीलिमा पुढे गेली. दार उघडंच होतं. आत्या आधीपेक्षा लहान झाली होती. मी वाकलो तर तिचा हात माझ्या डोक्यावर पोचायला जरा वेळ लागला. आणि तिच्या मागे, आतल्या खोलीत, खिडकीखाली, नाटकाची गादी घातलेली होती. लाल पट्टे विटून विटकरी झालेले. वर स्वच्छ चादर, दोन उशा, पायाशी दोन रजया घडी करून. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. हॉटेलसारखी.

"मंदाचा फोन आला होता काल, नाटकातूनच," आत्या सहज म्हणाली. "म्हणाली, भाचा भेटला, तुझ्याकडेच उतरलाय म्हणतो. मी म्हटलं, हौ, माझ्याकडेच आहे. मग काय म्हणणार? चार लोकांत तू बोललास ते खोटं पाडू का मी?" ती चादरीचा कोपरा उगाच सारखा करत होती. "मग म्हटलं, आपण बोललो तर बोललो, गादी तरी घालावी. कपाटामागे गेली होती. ओढली कशीबशी."

"आत्या, तू एकटीनं..."

"एकटीच तर असते." मग ती गादीवर हात ठेवून म्हणाली, "फक्त ऊन नाही दाखवता आलं रे हिला. जरा आधी कळलं असतं तर..."

तिनं वाक्य तिथेच सोडलं. तेवढंच काय ते ती मला बोलली. मी बोलायला लागलो, "आत्या, आम्ही खरं म्हणजे तिकडे बायपासला," तर तिनं तोंडावर बोट ठेवलं, अगदी पूर्वीसारखं.

"ते नको सांगू. नाटक सांग."

"नाटक आज संध्याकाळीही आहे, आत्याबाई," नीलिमा म्हणाली. "दुसरं आहे. माझं तिकीट घ्या, तुम्ही जा यांच्याबरोबर. मी थांबते घरी."

आत्यानं चटकन मान वर केली. इतक्या वर्षांत "मी थांबते घरी" असं त्या घरात दुसरं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. क्षणभर तिचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला. मग तिनं कानामागे हात धरला.

"आता कुठे गं. कान गेले माझे, ऑर्गन सगळा घोंगावतो नुसता. समोर बसून कुणी बोललं तर कळतं." ती हसली. "नी मी नाटकाला गेले तर सकाळी मला सांगेल कोण?"

नीलिमानं पदर खोचला, कांदे आणि विळी घेतली आणि म्हणाली, "तुम्ही आज बसा. पोहे मी करते, तुम्ही ऐका."

आत्या खुर्ची ओढून गादीजवळ बसली. मी उभाच होतो. त्या सरळ, न चुरगळलेल्या चादरीवर बसायचं मला धाडस होईना. रात्रभर ती तशीच होती आणि रात्रभर मी दुसऱ्या तशाच एका चादरीवर गाढ झोपलो होतो.

"आडवा हो," आत्या म्हणाली. "उभ्या-उभ्या काय सांगणार तू? कधी सांगितलंस?"

सकाळच्या लख्ख उजेडात, पन्नाशी उलटलेला मी, शर्ट-पॅंटसकट नाटकाच्या गादीवर आडवा झालो. चादर चुरगळली. उन्हाचा वास नव्हता तिला. नुसत्या डांबराच्या गोळ्या आणि कपाटामागची ओल. कापसाच्या गुठळ्या पाठीला लागत होत्या, एकेक ओळखीची. आत्यानं एक रजई उलगडून माझ्या पायांवर टाकली, म्हणजे खालच्या भाभी काही निमित्तानं वर आल्या तर त्यांनी आम्हाला कसं बघावं, ते सगळं तिनं बसवून ठेवलं.

मी कुशीवर वळलो तसं पॅंटच्या खिशातलं हॉटेलचं कार्ड मांडीला टोचलं. मी ते काढलं नाही, तसाच पडून राहिलो.

"काढून ठेव ते खिशातलं," आत्या खिडकीकडे बघत म्हणाली. "टोचत असेल."

मी ते काढलं आणि गादीखाली सारलं. स्वयंपाकघरात मोहरी तडतडली.

"हं," ती पुढे वाकली, कानामागे हात धरून. "पडदा वर गेला. साडी कोणती होती?"

"हिरवी," मी म्हणालो. "मोरपंखी हिरवी."

"नी काठ?"